तिवईचा एक पाय: कमी खर्चात मोनोपॉड निवडताना इतिहासाची मदत

१/ कोरीव लेखावर ऊन समोरून पडत असेल, तर अक्षरे दगडात विरून जातात. तेच ऊन कडेने, तिरपे पडले की प्रत्येक खाचेत सावली साठते आणि झिजलेली वेलांटीसुद्धा ओळखू येते. म्हणून वीरगळ, सतीशिळा किंवा शिलालेख टिपण्यासाठी बहुधा सकाळची पहिली नाहीतर संध्याकाळची शेवटची घटका गाठावी लागते. अडचण अशी की त्या घटकेला प्रकाश तोकडा असतो. कॅमेऱ्याचे शटर अधिक वेळ उघडे राहते, हात किंचित हलतो, आणि घरी येऊन पाहावे तर अक्षर ‘प’ आहे की ‘ष’ हेच कळत नाही.

२/ तो दगड पुढच्या वर्षी तसाच सापडेल, याचीही शाश्वती नसते. उघड्यावरच्या कित्येक शिळांवर शेंदराचे थर चढतात, कुणी श्रद्धेने ऑइल पेंट लावतो, कुठे शिळाच नव्या पायरीत बसवली जाते. अशा वेळी एखाद्या हौशी मुलाने काढलेले छायाचित्र हाच त्या ओळीचा शेवटचा पुरावा उरतो. ते हललेले निघाले, तर ओळ गेली ती गेलीच. आजचा थ्रेड या हलण्याविषयी आणि ते थांबवणाऱ्या एका साध्या काठीविषयी आहे. खिशात दोनेक हजार रुपये असतील, तर मोनोपॉड कोणता घ्यावा, या प्रश्नाचे उत्तर आपण इतिहासातून काढणार आहोत. थ्रेड लांब आहे, सवडीने वाचावा.

३/ ‘तिवईच का नको?’ हा पहिला प्रश्न. तिवई, म्हणजे ट्रायपॉड, स्थिरतेत केव्हाही सरस. पण केंद्र सरकारच्या संरक्षणाखालील स्मारकांना लागू असलेल्या १९५९ च्या नियमांत कॅमेऱ्याचा स्टँड, स्टूल, खुर्ची, मोठी छत्री अशा वस्तू परवानगीवाचून आत आणण्यास मनाई आहे. हातातल्या कॅमेऱ्याला मात्र सहसा अडवत नाहीत. शब्दशः पाहिले, तर मोनोपॉडही स्टँडच. त्यामुळे संरक्षित स्मारकाच्या दारात पहारेकऱ्याला विचारूनच तो उघडावा आणि नाही म्हटले, तर निमूटपणे पिशवीत ठेवावा. पण आपली निम्मी शोधयात्रा गावाबाहेरच्या वीरगळांत, पडक्या बारवांत आणि किल्ल्यांच्या आडवाटांवर चालते. तिथे नियमापेक्षा वजन आड येते. चार तासांची चढण चढताना तिवई पाठीवर नकोशी होते आणि अरुंद पायऱ्यांवर तिचे तीन पाय पसरायला जागाही नसते.

४/ आता चारशे वर्षे मागे जाऊ. कॅमेरा जन्मलाही नव्हता, तेव्हा युरोपातल्या सैनिकांच्या हातात एकपायी आधार होता. सोळाव्या शतकातली मस्केट ही बंदूक आठ-नऊ किलोंपर्यंत भरे. एवढे वजन खांद्याशी लावून नेम धरणे मनगटाला झेपत नसे. म्हणून प्रत्येक मस्केटधारी एक काठी बाळगी. तिच्या टोकाला लोखंडी बेचकी, तळाला जमिनीत रुतणारे टोक. बेचकीत नळी टेकवायची, नेम धरायचा, बार उडवायचा.

५/ १६०७ साली याकोब द खेन या डच चित्रकाराने सैनिकी कवायतीचे सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात शंभराहून अधिक चित्रे आहेत आणि मस्केटधाऱ्याच्या चित्रांत ही बेचकी सतत दिसते. बारूद भरताना दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून काठीला एक फासा असे आणि ती मनगटाला लोंबकळत राही. आजच्या मोनोपॉडला मुठीपाशी जो पट्टा असतो, तो नेमके हेच काम करतो. लेन्स बदलताना काठी मनगटावर लटकते. चारशे वर्षांत त्या फाशाला अधिक चांगला पर्याय कुणाला सुचला नाही, असे दिसते.

६/ पुढे मस्केट हलकी होत गेली आणि सतराव्या शतकाच्या मध्यानंतर बेचकी हळूहळू कवायतीतून बाद झाली. आपल्याकडे तटावरून उडवायची जड जेजाल मात्र टेकूवाचून चालत नसे. हत्यार हाताच्या ताकदीबाहेर गेले की टेकू येतो आणि ते हलके झाले की टेकू जातो. कॅमेऱ्याच्या बाबतीत हेच नाटक दोनदा घडले. फरक एवढाच की कॅमेऱ्यात वजनाबरोबर वेळेचाही हिशेब असतो.

७/ वेळेपासून सुरुवात करू. निसेफोर निएप्सने १८२६-२७ च्या सुमारास आपल्या खिडकीतून जे दृश्य पकडले, त्याला किमान आठ तास लागले असावेत, असे मानतात. काही अभ्यासक काही दिवस म्हणतात. दागेरने १८३८ साली पॅरिसच्या एका रहदारीच्या रस्त्याचे चित्र घेतले. त्यात घोडागाड्या नाहीत, गर्दी नाही, रस्ता ओस दिसतो. कारण काही मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये चालता माणूस उमटतच नव्हता. एका कोपऱ्यात मात्र एक माणूस दिसतो. तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी थांबला होता. थांबला म्हणून इतिहासात उरला.

८/ १८३९ साली दागेरची पद्धत जगासमोर आली आणि पॅरिसमध्ये जिरूने बनवलेला संच विक्रीला आला. कॅमेरा, पट्ट्या, पारा तापवण्याची पेटी, रसायने, सारे मिळून वजन सुमारे ५० किलो आणि किंमत ४०० फ्रँक. तेव्हा ‘कमी खर्चात छायाचित्रण’ हा शब्दप्रयोगच हास्यास्पद ठरला असता. कॅमेरा तिवईवर असे, आणि एवढ्याने भागत नव्हते. समोर बसलेल्या माणसालाही टेकू द्यावा लागे. स्टुडिओत खुर्चीमागे लोखंडी दांडा उभा करून त्याच्या चिमट्यात मान धरून ठेवत. जुन्या छायाचित्रांतले आपले पूर्वज इतके ताठ आणि गंभीर का दिसतात, याचे निदान अर्धे उत्तर त्यांच्या मानेमागे आहे.

९/ १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कोलोडियनची पद्धत दिली. एक्स्पोजर मिनिटांवरून सेकंदांवर आले, पण काच ओली असतानाच छायाचित्र घेऊन तिथल्या तिथे धुवावे लागे. म्हणजे अंधारखोली सोबत न्यायची. रॉजर फेंटन १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धभूमीवर गेला, तो दारू विक्रेत्याची घोडागाडी अंधारखोलीत बदलून, पाच कॅमेरे आणि ७०० काचा घेऊन. सॅम्युएल बोर्न १८६३ मध्ये सिमल्याहून हिमालयात निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर तीसच्या आसपास हमाल होते. पुढच्या मोहिमांत हा आकडा वाढत गेला. १८६६ साली त्याने सुमारे १८,६०० फुटांवरच्या मणिरंग खिंडीचे छायाचित्र घेतले. त्या छायाचित्राखाली नाव बोर्नचे आहे. तिवई आणि काचा ज्यांच्या पाठीवर चढल्या, त्यांची नावे कुणी नोंदवली नाहीत.

१०/ हे सारे आपल्याही दाराशी चालले होते. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी एक. एक भाऊ कॅमेऱ्यात रमलेला, दुसरा अजिंठ्याचे शिलालेख वाचून प्रसिद्ध करणारा. आपण ज्या दोन छंदांच्या सांध्यावर उभे आहोत, तो सांधा या एका घरात होता.

११/ अजिंठ्याचे नाव निघाले म्हणून रॉबर्ट गिलची गोष्ट सांगतो. मद्रास सैन्यातला हा अधिकारी १८४४ मध्ये लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करायला नेमला गेला. वर्षानुवर्षे खपून केलेली त्याची तैलचित्रे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. १८६६ च्या डिसेंबरात तिथे आग लागली आणि त्यांतली बहुतेक जळून गेली. पण दरम्यान गिल कॅमेऱ्याकडे वळला होता. त्याची ७४ छायाचित्रे जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह ‘द रॉक-कट टेम्पल्स ऑफ इंडिया’ या पुस्तकात १८६४ सालीच छापून आली होती. चित्रे जळाली तरी छायाचित्रे राहिली. लेण्यांच्या उजेडात, त्या काळच्या मंद काचांवर ती स्पष्ट उमटली, याचे श्रेय कॅमेऱ्याखालच्या निश्चल आधारालाही द्यायला हवे.

१२/ मग हवा पालटली. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. दशक संपेपर्यंत तिची संवेदनशीलता इतकी वाढली की एक्स्पोजर सेकंदाच्या अंशावर आले. तोवर छायाचित्रकार लेन्सचे झाकण हाताने काढून मनात आकडे मोजत आणि पुन्हा लावत. आता हात अपुरा पडू लागला आणि यांत्रिक शटर आले. १८८२ मध्ये एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने चक्क बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा केला. दस्ता खांद्याला लावायचा, उडत्या पक्ष्यावर नेम धरायचा आणि घोडा ओढायचा. सेकंदाला १२ चित्रे, प्रत्येकाला सेकंदाचा ७२० वा भाग. एवढ्या वेगापुढे हाताचा कंप उमटायला सवडच नाही. टेकू गळून पडला.

१३/ यानंतरची पन्नास वर्षे भराभर सांगता येतात. १८८८ चा कोडॅक २५ डॉलरचा, शंभर छायाचित्रांची फिल्म आत भरूनच मिळे. १९०० ची ब्राउनी एका डॉलरची. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लायका आला. त्याचा कर्ता ओस्कार बार्नाक दम्याने त्रस्त होता आणि जड कॅमेरा डोंगरावर वाहून नेणे त्याला जमत नव्हते. कॅमेरा खिशात मावू लागला, तेव्हा तिवई स्टुडिओपुरती उरली, असे कुणालाही वाटले असते.

१४/ पण माणसाला जवळचे नीट दिसू लागले की दूरचे हवेसे वाटते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी झाइसने १८० मिलिमीटरची f/२.८ लेन्स काढली. ती आजही ‘ऑलिंपिया झोनार’ म्हणून ओळखली जाते. इथून वजन परत आले. खेळाडू दूर, प्रकाश अपुरा, म्हणून काच मोठी. काच मोठी, म्हणून मनगट थकलेले. मैदानाच्या कडेला शेजारी शेजारी बसलेल्या छायाचित्रकारांना तिवई पसरायला जागा नाही, आणि चेंडूमागे धावत येणारा खेळाडू तिच्यात अडकला तर अनर्थ. मस्केटधाऱ्याची बेचकी इथे नव्या रूपात परतली. आजही क्रिकेटच्या सामन्यात सीमारेषेबाहेर पाहा. मोठ्या पांढऱ्या लेन्सखाली एकेक काठी दिसेल.

१५/ आणि मस्केटसारखीच ही लेन्सही हलकी होत गेली. कॅननची ४०० मिलिमीटर f/२.८ लेन्स १९९९ च्या आवृत्तीत ५.३७ किलोंची होती, २०११ मध्ये ३.८५ आणि २०१८ मध्ये २.८४. जोडीला १९९५ साली कॅननने अदलाबदल करता येणाऱ्या लेन्समध्ये कंप शोषणारी यंत्रणा आणली. आज ती बहुतेक कॅमेऱ्यांत, एवढेच काय फोनमध्येही असते. म्हणून ‘आता मोनोपॉडची गरजच काय?’ असा प्रश्न येतो. वाजवी प्रश्न आहे. दिवसाउजेडी, साध्या लेन्सने किल्ल्याचे दरवाजे टिपायचे असतील, तर खरोखर गरज नाही. ते पैसे एसटीच्या तिकिटासाठी ठेवा. पण जुना, यंत्रणा नसलेला कॅमेरा असेल, लांब लेन्सने शिखरावरचे शिल्प पकडायचे असेल, किंवा कलत्या उन्हातला लेख असेल, तर काठी अजून कामाची आहे.

१६/ ती नेमके किती काम करते, हे प्रामाणिकपणे पाहू. जुना ठोकताळा असा: लेन्स जितक्या मिलिमीटरची, सेकंदाचा निदान तितकावा भाग शटरला द्यावा. २०० मिलिमीटरला १/२००. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात दीडपट धरा, म्हणजे १/३००. मोनोपॉड साधारण दोन स्टॉप मिळवून देतो. एक स्टॉप म्हणजे दुप्पट वेळ. तेव्हा १/२०० चे १/५० झाले. सराव असेल तर १/२५ पर्यंत जाता येते. त्यापुढे नाही. लेण्याच्या गाभाऱ्यात एक सेकंदाचे एक्स्पोजर हवे असेल, तर मोनोपॉड निरुपयोगी आहे आणि कुठल्याही किमतीचा मोनोपॉड निरुपयोगीच राहील. काठी वरखाली होणारा हेलकावा पुरता थांबवते, पण डावी-उजवीकडचे आणि पुढचे-मागचे डुलणे तुमच्या शरीरालाच थांबवावे लागते.

१७/ आता खरेदी. इतिहास इथे अगदी रोकडा उपयोगी पडतो. एकपायी आधाराचे चार भाग बेचकीच्या काळापासून तेच आहेत: दांडा, जमिनीवरचे टोक, वरची जोडणी आणि मनगटाचा फासा. नंतर भर पडली ती लांबी कमी-जास्त करणाऱ्या कुलपांची, वरच्या हेडची आणि कार्बन फायबरची. पैसे दांड्यावर आणि कुलपांवर घाला. बाकी सगळीकडे हात आखडता घेतला तरी चालेल.

१८/ वरची जोडणी हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाचा भाग, आणि त्याचे कारण फार जुने आहे. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थने इंग्लंडमध्ये स्क्रूच्या आट्यांचे एक सर्वसाधारण प्रमाण सुचवले. त्यापूर्वी प्रत्येक कारखान्याचा स्क्रू निराळा असे. त्या प्रमाणातला पाव इंची, इंचाला २० आटे असलेला स्क्रू कॅमेऱ्याच्या तळाशी येऊन बसला. पुढे अमेरिकी प्रमाणात आट्यांचा कोन ५५ ऐवजी ६० अंश झाला, तरी कामापुरते दोन्ही एकमेकांत बसतात. आज ते आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यामुळे कोणत्याही कंपनीचा मोनोपॉड कोणत्याही कंपनीच्या कॅमेऱ्याला लागतो. मोठ्या सामानाला ३/८ इंची स्क्रू असतो. दोन्ही जुळवणारे छोटे बुश नगण्य किमतीत मिळते.

१९/ हार्डवेअरच्या दुकानात गेलात, तर हा पाव इंची बोल्ट तिथे ‘दोन सुती’ म्हणून मिळेल. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणजे ज्यांना दोन हजारही जड वाटतात, त्यांच्यासाठी उपाय आहे: दोन सुती छोटा बोल्ट, त्याला बांधलेली न रेटणारी जाड दोरी, आणि दोरीच्या खालच्या टोकाला एक मोठा वायसर किंवा लाकडी पट्टी. बोल्ट कॅमेऱ्यात, पट्टी बुटाखाली, आणि कॅमेरा वर ओढून दोरी ताणून धरायची. ताणामुळे हाताचा कंप बराच दबतो. मात्र बोल्ट कॅमेऱ्यात साडेचार मिलिमीटरपेक्षा अधिक शिरू देऊ नका. वर नट लावून त्याला अडवा, नाहीतर कॅमेऱ्याचा तळ फुटेल. दोरीची ही काठी खिशात मावते, आणि ती स्टँड आहे की नाही यावर पहारेकऱ्यालाही विचार करावा लागेल. तरी विचारायचेच.

२०/ दांडा घेताना पहिली पाहणी उंचीची. मोनोपॉड पूर्ण उघडून कॅमेरा लावला की डोळा सहज व्ह्यूफाइंडरला लागला पाहिजे, मान वाकता कामा नये. तुमची उंची १६५ सेंटिमीटर असेल, तर डोळे सुमारे १५३ वर असतात. व्ह्यूफाइंडर तळापासून आठ-दहा सेंटिमीटर वर. म्हणजे काठी किमान १४५ हवी. पण काठी थोडी तिरपी धरायची असते, शिखराकडे कॅमेरा वर रोखताना वाढीव उंची लागते आणि पायरीवर उभे असताना काठीचे टोक एक पायरी खाली टेकावे लागते. म्हणून १५५ ते १६० बरे. स्वस्त नमुन्यांत सर्वाधिक काटकसर इथेच होते. डब्यावर ‘पूर्ण उंची’ लिहिलेली असते, ती वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

२१/ दुसरी पाहणी नळ्यांची. चार तुकड्यांचा दांडा मिटल्यावर लांब राहतो, सहा तुकड्यांचा पिशवीत मावतो. पण प्रत्येक जोड म्हणजे एक डगमगण्याची जागा, आणि शेवटची नळी करंगळीएवढी बारीक होते. कमी पैशांत चार तुकडेच घ्यावेत, फार तर पाच. ॲल्युमिनियम पुरते. कार्बन फायबर हलके असते, ते कंपही लवकर जिरवते, पण दोन हजारांत ते चांगल्या प्रतीचे मिळण्याची आशा धरू नये. वाचलेल्या दोनशे-तीनशे ग्रॅमसाठी कुलपांचा दर्जा गमावणे हा वाईट सौदा आहे. डब्यावरचा ‘इतके किलो भार पेलतो’ हा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने काढते. तुमच्या कॅमेऱ्याच्या आणि लेन्सच्या वजनाच्या तिप्पट आकडा असेल, तर निश्चिंत राहावे.

२२/ तिसरी पाहणी कुलपांची, आणि ही दुकानातच करायची. सगळे तुकडे बाहेर काढा, कुलपे लावा, वरच्या टोकावर दोन्ही हात ठेवून अंगाचा भार हळूहळू टाका. नळी आत सरकली, तर तो मोनोपॉड परत ठेवा. दुकानदार काय म्हणतो ते ऐकू नका. खटक्याचे कुलूप लावले की नाही, हे डोळ्यांना दिसते आणि ढिले पडले तर बहुधा स्क्रू पिळून घट्ट करता येते. पिळायच्या कुलपात लाल माती आणि समुद्राची वाळू शिरते. जंजिरा, सिंधुदुर्ग किंवा पावसाळ्यातला कुठलाही गड डोळ्यांसमोर असेल, तर मी खटक्याचेच सुचवीन. ऑनलाइन मागवणार असाल, तर परत करण्याची मुदत संपण्याआधी हीच परीक्षा घरी घ्या.

२३/ टोक रबराचे हवे आणि बदलता येणारे हवे. काही नमुन्यांत रबर फिरवले की लोखंडी खिळा बाहेर येतो. मातीच्या उतारावर तो चांगला, पण कोरीव फरशीवर, जोत्यावर, मंदिराच्या पायरीवर तो बाहेर काढणे हा अपराध समजा. आपण दगडावरच्या खुणा वाचायला जातो, नव्या करायला नव्हे.

२४/ ज्यावर पैसे घालू नयेत त्या गोष्टी. बॉल हेड: एकाच पायावर कॅमेरा सगळ्या दिशांनी लोंबकळू लागतो आणि सावरण्यात क्षण जातो. कॅमेरा सरळ दांड्यावर बसवा. पुढेमागे कलणारे साधे हेड पुढे कधी घेता येईल, स्क्रू तोच आहे. खाली उमलणारे तीन छोटे पाय: ते व्हिडिओवाल्यांच्या सोयीचे आहेत. त्यांच्या भरवशावर कॅमेरा उभा सोडून पाणी प्यायला जाऊ नये. सेल्फी स्टिक तर या कुळातलीच नव्हे. ट्रेकिंगच्या काही काठ्यांच्या मुठीखाली कॅमेऱ्याचा स्क्रू दडवलेला असतो. कल्पना सुरेख आहे, पण दांडा बारीक असल्याने हलक्या कॅमेऱ्यापुरतीच. याउलट वापरलेला मोनोपॉड अवश्य शोधा. यात बॅटरी नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही, जुने होण्यासारखे फारसे काहीच नाही. कुलूप धरत असेल आणि नळी वाकलेली नसेल, तर वीस वर्षांचा चांगला दांडा आजच्या फडतूस नव्या दांड्यापेक्षा केव्हाही सरस.

२५/ शेवटी, तो धरायचा कसा. लष्करी कवायत आठवा: काठी एक पाय, उरलेले दोन तुमचे. टोक समोर फूटभर अंतरावर टेका, पाय खांद्याइतके फाकवा, काठी किंचित आपल्याकडे कलती ठेवून तिच्यावर थोडा भार द्या. कोपरे बरगड्यांना टेकलेली, डावा हात कॅमेऱ्याच्या लगेच खाली दांड्याभोवती. भिंतीचा आधार मिळत असेल तर पाठ टेका, पण कोरीव खांबाला नको. शटर दाबू नका, हळूच पिळल्यासारखे सोडा, श्वास अर्धा बाहेर गेल्यावर. आणि एकाच्या जागी लागोपाठ तीन छायाचित्रे घ्या. बोट दाबताना पहिले हलते, उचलताना तिसरे. मधल्या छायाचित्रात अक्षर बहुधा वाचता येते.